तपासणीची वेळ कोणाच्या सोयीची?

सोलापुरात देहविक्री करणाऱ्या महिलांना कंडोम मोफत मिळतात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि लागण झालीच तर सरकारी केंद्रातून एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधेही मोफत मिळतात. त्यामुळे ‘तपासणीला बायकाच येत नाहीत’ अशी तक्रार कानावर आली की मी आधी केंद्राची वेळ विचारते.

रात्री उशिरा परतलेल्या बाईने सकाळी मुलांचे डबे करून केसपेपरच्या रांगेत उभे राहावे, अशी आपली व्यवस्था आहे. त्यातच हा व्यवसाय आता एखाद्या वस्तीपुरता उरलेला नाही. मोबाइलवर ठरते, लॉजवर भेट होते आणि कित्येकींच्या घरी त्या विड्या वळतात एवढेच ठाऊक असते. अशीच एक विडी कामगार मला म्हणाली, “केसपेपर काढायला बसते ती माझ्या नणंदेच्या शेजारची. तिच्यासमोर काय सांगू?” २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि अहवाल उघड करण्यास मनाई केली, हे चांगलेच झाले, पण रांगेत नणंदेची शेजारीण भेटणार नाही, याची हमी कायदा कशी देणार?

धंद्यातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन तिच्यामार्फत काम करण्याची पद्धत मला म्हणूनच सर्वांत भरवशाची वाटते. कोणत्या लॉजवर कोण येते, कोणाशी तेलुगूत बोलावे लागते आणि कोणाशी कन्नडमध्ये, जास्त पैसे देऊन ‘बिगर कंडोम’चा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला कसे वळवायचे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. (पर्समधला कंडोम गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले, चौकीवरच्या शिपायापर्यंत ते पोहोचवणेही शेवटी तिच्याच वाट्याला येते.) तिने सांगितलेल्या खोलीत, दुपारी तीननंतर, समुपदेशक आणि तपासणीचे किट घेऊन जावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. गुप्तरोगाची तपासणीही तिथेच व्हावी, कारण अंगावरून जाणे, खाज, जखम ही तिथे येणाऱ्या बाईची आजची तक्रार असते आणि त्या उपचारासाठी आलेली बाई एचआयव्हीच्या तपासणीलाही सहसा तयार होते.

खर्चाची अडचण सांगितली जाते, तेव्हा कात्री आधी या ‘पीअर’, म्हणजे धंद्यातल्याच प्रशिक्षित, बायकांच्या तुटपुंज्या मानधनालाच लागते. ते थकले की तिचे फिरणे थांबते, आणि नोंदवहीत कंडोमवाटपाचे आकडे मात्र भरलेले राहतात.