94 टक्के, पण कशाचे?

एक मजकूर सोसायटीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि तिथून फिरून पुन्हा सोसायटीत येतोय. त्याचा सारांश असा: निवडक शहरं सुधारण्यासाठी केंद्राने आखलेल्या स्मार्ट सिटी मिशनची 94 टक्के कामं पूर्ण झाली. नगरसेवकांना बाजूला सारून कामं कंपनीकडे दिली म्हणून हे जमलं. नाही म्हणणारी शहरं मागे पडली. आता कंट्रोल रूममधून शहर चालतं. आणि पुण्या-सोलापूरचा कायापालट झाला. शेवटी तीन तिरंगे आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

आकडा खोटा नाही, हे आधीच सांगतो. मे 2025 मध्ये केंद्राने दिलेल्या माहितीनुसार 8,067 पैकी 94 टक्के प्रकल्प पूर्ण झाले होते. 25 जून 2015 ला सुरू झालेलं मिशन पाच वर्षांचं होतं, ते मुदतवाढी घेत 31 मार्च 2025 पर्यंत पोचलं. ठीक आहे, आपल्याकडे उड्डाणपूलसुद्धा वेळेत होत नाहीत. गोम आहे ती मोजण्यात. कोपऱ्यावरची बाग हा एक प्रकल्प आणि शंभर किलोमीटरची जलवाहिनी हाही एकच प्रकल्प. टक्केवारी नगांची काढली की दोन्हींचं वजन सारखं. शिवाय मूळ आराखड्यांमध्येच सुमारे 21 टक्के पैसा इतर सरकारी योजनांशी सांगड घालून येणार होता. म्हणजे जे काम दुसऱ्या योजनेतून होणारच होतं, तेही या यादीत बसू शकत होतं.

आता कंपनीचा मुद्दा. प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, राज्य आणि महापालिका यांची भागीदारी निम्मी-निम्मी, हा मिशनचा नियमच होता. नगरसेवक अडथळा आणतात, ते नसले की कामं पळतात, असं फॉरवर्ड म्हणतो. हा सिद्धान्त तपासायची संधी आपल्याला आपोआप मिळाली होती. मार्च 2022 मध्ये पुणे आणि सोलापूर, दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. मिशन संपेपर्यंतची तीन वर्षं सभागृहच नव्हतं. कंपनी होती, आयुक्त होते, अडवणारं कुणी नव्हतं. त्या तीन वर्षांत आपल्या गल्लीतली किती गाऱ्हाणी मिटली, ते ज्याचं त्याने आठवावं. खड्डा पडला तर फोन कुणाला करायचा, हेच लोकांना कळेना.

राहिली मागे पडलेली शहरं. नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेने 2015 मध्ये या कंपनीलाच विरोध केला आणि शहर मिशनबाहेर राहिलं. पुढे 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. असल्या क्रमवाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, पण फॉरवर्डवाल्यांचा असतो, म्हणून सांगितलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण. ते त्या महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, आणि मिशनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून.

कंट्रोल रूमबद्दल थोडक्यात. शहरभरचे कॅमेरे एका जागी बघणाऱ्या या केंद्रांचा कोविडच्या काळात वॉर रूम म्हणून उपयोग झाला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण कॅमेऱ्याला तुंबलेला चौक दिसणं वेगळं आणि दाखला वेळेत मिळणं वेगळं. डिजिटल कारभाराचं खरं पाऊल महाराष्ट्राने त्याच 2015 साली उचललं होतं, लोकसेवा हक्क कायद्याने. दाखल्याला मुदत, मुदत चुकली तर अपील, आणि कारण नसताना अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांचा दंड. त्याच्यावर ड्रोनचा व्हिडिओ निघत नाही, एवढंच.

कायापालटाचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला.

मिशनमध्ये प्रत्येक शहराने एक भाग निवडून तो सुधारायचा होता. पुण्याचा निवडलेला भाग होता औंध-बाणेर-बालेवाडीतला, सुमारे 900 एकर. म्हणजे 3.6 चौरस किलोमीटर. तेव्हाची महापालिका अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, 2021 मध्ये 23 गावं आल्यावर पाचशेच्या वर. हिशेब तुम्हीच करा. आणि भाग निवडला तोही आधीच बरा असलेला. औंधच्या डीपी रोडचे रुंद पदपथ छान झाले, मी तिथून आवडीने चालतो. 2017 च्या अखेरीस गाजावाजा करून आलेल्या भाड्याच्या सायकली मात्र एक-दोन वर्षांत नाहीशा झाल्या. पण चांगला पदपथ झाला म्हणजे पुणे बदललं, असं आंबेगाव किंवा धायरीच्या माणसाला सांगून बघा.

28 जानेवारी 2016 ला पहिली 20 शहरं जाहीर झाली, त्यात पुणे दुसरं आणि सोलापूर नववं होतं. पिंपरी-चिंचवड नंतर आलं. ही तिन्ही शहरं एकाच पाण्यावर आहेत. पवना पिंपरी-चिंचवडमधून वाहत येऊन मुळेला मिळते, पुण्यात मुळा-मुठा एक होतात, पुढे भीमा, आणि भीमेवर उजनी. सोलापूर मुख्यतः त्या उजनीचं पाणी पितं. वरच्या दोन शहरांचं न शुद्ध केलेलं मैलापाणी खालच्या शहराच्या धरणात जातं. उजनीचं हिरवं पाणी आणि जलपर्णी इंदापूर-करमाळ्याकडच्या कुणालाही विचारा. तिन्ही शहरांच्या तीन कंपन्या झाल्या, आणि या नदीचं खातं त्यातल्या एकीकडेही नव्हतं. पुण्याच्या 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांची, 990 कोटींची जपानी कर्जाची योजना वेगळीच. तिचा कर्जकरार झाला त्याच जानेवारी 2016 मध्ये, आणि प्रत्यक्ष कामाला हात लागायला पुढे कित्येक वर्षं गेली. ती 94 टक्क्यांत नाही, उरलेल्या 6 टक्क्यांतही नाही.

सोलापुरात माझ्या मामाकडे पाहुणा येणार म्हटलं की मामी आधी विचारते, पाणी कधी आहे? चार-पाच दिवसांआड नळ येतो, त्यामुळे पाहुण्याचा दिवस पाण्यावर ठरतो. त्यावर उपाय म्हणून स्मार्ट सिटी कंपनीने समांतर जलवाहिनी हाती घेतली. सुमारे 110 किलोमीटर लांब, रोज 170 दशलक्ष लिटर पाणी आणणारी. ठेकेदारावरून वाद झाले, काम वर्षानुवर्षं रखडलं. काम गरजेचं होतंच, त्यात शंका नाही. फक्त तीही निघते उजनीतूनच.