दोन भांड्यांची गिटार

पावतीवर लिहिलंय : 'मिक्सर, डबल. स्विच बदलला. रु. 350.' मी दिली होती स्टील गिटार. दोन नेकची, म्हणजे तारा ताणलेल्या दोन पट्ट्यांची, आठ-आठ तारांची.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गेलो होतो ते फक्त तीन पोझिशनचा सिलेक्टर स्विच बसवून घ्यायला. सोल्डरिंग मला येतं, डोळ्यांना आता येत नाही. शेजारच्या स्टुलावर एक काका मांडीवर मिक्सर घेऊन बसले होते, बारशाला आणलेल्या नातवासारखा.

"तारा किती?" काकांनी विचारलं.

"सोळा."

"आणि वाजवणारे?"

"एक."

"मग दुसरी बाजू कशाला?"

सांगितलं, की ही बोटांनी दाबून वाजवत नाहीत, तारांवर स्टीलचा बार फिरवतात. बार सरळ, त्यामुळे तारा जशा लावल्या असतील तेवढेच कॉर्ड सहज निघतात. म्हणून दोन नेकना सुरांच्या दोन लावण्या : एकीला सी सिक्स्थ, दुसरीला ई थर्टीन्थ.

"म्हणजे ओलं वाटण एकात, सुकं एकात."

इतकं सुटसुटीत मला आजवर सांगता आलेलं नाही, हे लिहितानाही जड जातंय.

"मोटर कुठे?"

"मोटर नाही हो, पिकअप. तारेचं कंपन विजेत बदलतो. चुंबक, आणि भोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे."

"मोटरच की! आमची साडेसातशे वॅट. तुमची?"

"आठ किलो-ओहम."

"किलोत नको, वॅटमध्ये सांगा."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण 1932 साली विक्रीला आलेली रिकनबॅकरची इलेक्ट्रिक स्टील गिटार गोल पोटामुळे आणि लांब दांड्यामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणूनच ओळखली जाते, हे मी मोठ्या हौसेने सांगितलं. दुकानदार ऐकत होता. पावतीचा उगम तो.

निघताना काकांनी दुकानदाराला सल्लाही दिला : "अरे, दोन्ही भांडी एकदम चालू कर. जोर येईल."

आणि त्या गृहस्थाने ऐकलं! मी दोन फोन केले ते नाही ऐकले, मिक्सरवाल्याचं ऐकलं.

घरी आणून लावली, तर आवाज निम्मा. स्विच कुठेही न्या, तोच. शिवाय पुढची नेक वाजवली की मागच्या मोकळ्या तारा आपल्या मनाने गुणगुणायला लागतात आणि तेही अँपमधून ऐकू येतं. मल्टिमीटर काढला. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला जॅकचं टोक आणि बाही यांमध्ये ओहम मोजायचे. पिकअप 8 किलो-ओहमचा आणि व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रेझिस्टर, 250 किलोचा असेल तर एकेका नेकला साधारण 7.75 यायला हवेत. मला तिन्ही पोझिशनला 3.9. म्हणजे दोन्ही पिकअप कायम पॅरलल, एकमेकांना समांतर जोडलेले. वाजत नसलेल्या नेकचा पिकअप त्या गुणगुणीपलीकडे आपला काही आवाज देत नाही, वाजणाऱ्याच्या गळ्यात बसतो. दोन्ही सारखे असले की आवाजाचं व्होल्टेज निम्म्यावर येतं. जोर म्हणे!

उघडून पाहिलं. स्विचच्या दोन टोकांवर इंचभर वायर टाकलेली, वर सोल्डरचा हा एवढा लाडू. ती वायर कापली.

पण टोन तरी कुठे ताळ्यावर होता? टोनच्या बटणाचा कपॅसिटर न सांगता बदललेला. आधी 473 आकड्याचा होता, म्हणजे 0.047 मायक्रोफॅरड. त्याजागी 474, म्हणजे दहापट. टोन पूर्ण उघडा असेपर्यंत फरक कळत नाही, म्हणून दुकानात सगळं छान वाजतं. घरी शून्याकडे नेला की ट्रेबलच नाही, मधले सूरही गिळतो. गिटार कांबळ्यात गुंडाळून वाजवल्यासारखी. कपॅसिटर दोन-चार रुपयांचा, पण मिळवायला त्याच गल्लीत, त्याच दुकानासमोरून, मान खाली घालून जावं लागलं.

त्या झटापटीत पिकअपचे स्क्रूही हलले होते. आता एक नेक कर्कश, दुसरी घोगरी. दोघींना मिळून टोनचं बटण एकच; एकीला मऊ केलं की दुसरी झोपते. फेंडरने स्ट्रिंगमास्टरमध्ये प्रत्येक नेकला दोन-दोन पिकअप आणि ते मिसळायचं वेगळं चाक दिलं ते उगाच नाही. माझ्याकडे फक्त स्क्रू. दोन्ही पिकअप तारांपासून 3 मिलिमीटरवर आणायचे, मग जी नेक ओरडते तिचा अर्धा-अर्धा आटा खाली. जाड तारांची बाजू थोडी जास्त खाली, नाहीतर खर्ज ढोलासारखा फुगतो. ओरडणाऱ्या पिकअपच्या वाटेत रेझिस्टर घालणारे आहेत. त्याने आवाज उतरतो खरा, पण केबलच्या कपॅसिटन्सबरोबर तो ट्रेबलही खातो. स्क्रू फुकट आहे. दर अर्ध्या आट्याला दोन्ही नेकवर एकच सूर वाजवून पाहायचा, एवढंच. मला साडेतीन तास लागले.

काकांचा मिक्सर पाच मिनिटांत झाला होता, पैसेही घेतले नाहीत. माझ्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापलंय : 'मोटर जळाल्यास दुकानदार जबाबदार नाही.'