टेकडीसुद्धा बेटच की

बेटावरचं जंगल तुकड्यातुकड्यांत तुटलं की सरड्यांची वीण नात्यातल्या नात्यात होते आणि जनुकीय वैविध्य आटतं, हे बेटांवरच्या सरड्यांबद्दलच्या तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण त्याला समुद्रच लागतो असं नाही. स्वीडनच्या किनाऱ्यावर शेतांनी वेढलेल्या अ‍ॅडर या विषारी सापांची कितीतरी पिल्लं मेलेली, नाहीतर व्यंग घेऊन जन्मत होती. १९९२ मध्ये बाहेरून २० नर आणून सोडले, तेव्हा कुठे काही वर्षांत संख्या सावरली.

परवा पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी एक सापसुरळी डांबराच्या कडेपर्यंत आली, मान उचलून थांबली, दुचाकी गेली तशी सर्रकन गवतात परत. टेकडीवरून आणखी रस्ते काढायचेच असतील, तर या जिवांना पलीकडे जाता यावं म्हणून निदान खालून रुंद मोऱ्या ठेवा आणि दोन्ही बाजूंचं गवत जाळू नका, एवढी कळकळीची विनंती.