बाथ म्हणजे फक्त सद्दाम नव्हे
तुमच्या लेखात बाथ पक्ष (इराक-सीरियातला अरब राष्ट्रवादी पक्ष) म्हणजे इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनची खासगी टोळी असा सूर आहे, तो पटला नाही. १९४७ साली दमास्कसला पक्ष स्थापन झाला तेव्हा सद्दाम शाळकरी वयाचा होता. संस्थापक मिशेल अफलाक तर ख्रिस्ती शाळामास्तर! १९६६ मध्ये सीरियातल्या स्वपक्षीयांनीच त्याला हाकललं, मग इराकी शाखेनं डोक्यावर घेतलं. सद्दामची सत्ता गेल्यावर इराकचा कारभार बघणाऱ्या अमेरिकेच्या ब्रेमरसाहेबांनी मे २००३ मध्ये पहिल्याच आदेशानं पक्षाच्या वरच्या चार फळ्यांना सरकारी नोकरीतून उडवलं. नोकरी टिकवायला सभासद झालेले मास्तरही त्यात भरडले, सुक्याबरोबर ओलंही जळालं. आठवड्याभरात इराकचं लष्करच बरखास्त! बंदूक चालवणारे लाखो लोक बेकार करायचे, ही अक्कल कुणाची? आणि सीरियातली शाखा जानेवारी २०२५ मध्ये विसर्जित झाली, त्यावर एक ओळ तरी हवी होती.