बोटावर ९८ आणि जखमेतला ऑक्सिजन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, जखमेत आणि टीबीच्या गाठीत ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा काय होतं, या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की 'ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणजे शरीरात ऑक्सिजन भरपूर आहे, उगाच बागुलबुवा उभा करू नका, प्राणायाम करा, इम्युनिटी आपोआप वाढेल, आणि टीबीचा यात काय संबंध?' सविस्तर लिहितोय, कारण असं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यात डायबेटिसवाल्यांचं फार नुकसान होतं.

ऑक्सिमीटर फक्त धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पाइप चोंदला की खालच्या नळाला पाणी येत नाही, तसं डायबेटिसमुळे पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेल्या पेशंटच्या हाताच्या बोटावर ९८ आणि पायाच्या जखमेत अगदीच कमी असं होऊ शकतं. प्राणायाम जरूर करा, मीही करतो, पण त्यानं ९८ चं फार तर ९९ होईल, चोंदलेली रक्तवाहिनी मोकळी होणार नाही.

आता इम्युनिटी. 'ऑक्सिजन कमी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी' इतकं सरळ ते नाहीये. जखमेत आधी धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जंतू मारायला ऑक्सिजनपासूनच सुपरऑक्साइडसारखी जहाल द्रव्यं बनवतात, तो नसला की हे हत्यार बोथट होतं, पण त्याच पेशी कमी ऑक्सिजनमध्ये उलट जास्त वेळ जगतात, म्हणजे जंतू मारणं कमी आणि मुक्काम लांबलेला, आणि त्यांची एन्झाइम्स आजूबाजूच्या चांगल्या टिश्यूलाही इजा करत राहतात. यामागे एचआयएफ नावाचं प्रथिन आहे. ऑक्सिजन असला की पेशी ते सतत मोडून टाकते, कमी झाला की ते साठतं आणि पेशीचा सगळा कारभार बदलतं. पेशींना ऑक्सिजन कमी-जास्त झालेला कळतो कसा, या शोधासाठीच सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

टीबीचा संबंध तर थेट आहे. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटर झिरपतो, त्यामुळे टीबीच्या मोठ्या गाठीच्या मध्यभागी तो पोचतच नाही. तिथले जंतू मरण्याऐवजी वाढ थांबवून पडून राहतात, आणि आयसोनायझिडसारखं औषध मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर चालतं. कोर्स इतके महिने चालतो त्याचं हे एक मोठं कारण. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं म्हणून गोळ्या सोडल्या तर हे जंतू आत तसेच राहू शकतात आणि मग टीबी उलटतो.