पुढच्या ॲक्सलला वन-पीस शाफ्ट घातला म्हणून गाडी फुल-टाइम होत नाही

खारघरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने थार घेतली आहे, सेकंडहँड पण नीट राखलेली. परवा त्याने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे करून घेऊ ना? तुर्भ्याला एक जण वेल्ड मारून देतोय. शनिवारी गाडी टाकतो." हाच मेसेज त्याआधी ठाण्यातल्या ओळखीच्या ग्रुपवर फिरत होता आणि खाली अंगठे पडत होते. वागळे इस्टेटमध्ये माझं आयुष्य डिफरन (डिफरन्शियल, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) उघडण्यात गेलंय. असल्या सल्ल्यानंतर ओढून आणलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत. भाच्याला फोन करून शनिवारचा गॅरेजचा नंबर मी रद्द करायला लावला. बाकीच्यांसाठी इथे लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: कंपनी पैसे वाचवायला पुढच्या ॲक्सलमधला शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) मुद्दाम दोन तुकड्यांत देते. तो काढून वन-पीस, म्हणजे अखंड शाफ्ट घाला, म्हणजे गाडी कायमची फुल-टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना सतत ताकद) होते. मग पावसाळाभर फोर एचवर (लिव्हरचा चारही चाकांना ताकद देणारा टप्पा; टू एचमध्ये ती फक्त मागे जाते) बिनधास्त चालवा, ब्रेकही दुप्पट लागतो. मायलेजला फरक नाही. शाफ्ट महाग वाटला तर कॉलरला (दोन तुकडे जोडणाऱ्या कड्याला) वेल्ड मारा. आरटीओ पास, वॉरंटीला धक्का नाही. सोबत एका अमेरिकन जीपचा ॲक्सल उघडल्याचा व्हिडिओ.

आधी तो व्हिडिओ, कारण त्यात जे दाखवलंय ते खोटं नाही. १९८७ ते १९९५ च्या जीप रँग्लरला पुढे डाना ३० ॲक्सल होता. त्याच्या उजव्या नळीतला शाफ्ट दोन तुकड्यांत असायचा. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना स्प्लाइन (लांबीच्या दिशेचे दाते), त्यांवर सरकणारी एक कॉलर, कॉलरला फोर्क (सरकवणारा काटा) आणि फोर्क ढकलायला व्हॅक्यूमवर चालणारी मोटर. टू एचमध्ये कॉलर बाजूला सरकते आणि उजवं चाक डिफरनपासून सुटतं. डावं चाक फिरतं तेव्हा डिफरनच्या आतले स्पायडर गिअर नुसते फिरतात, पण क्राऊन, पिनियन (डिफरनचे मुख्य गिअर) आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) स्थिर राहतात. फोर एच टाकला की कॉलर परत दोन्ही तुकड्यांवर बसते. १९९४ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या डॉज रॅममध्येही याच धर्तीची योजना होती.

आता मान्य करायचं ते करतो. या गाड्यांमध्ये व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या वयाने तडकतात, मोटरचा पडदा फाटतो, फोर्क गंजून अडकतो. मग चिखलात फोर एच टाकूनही पुढची चाकं ढिम्म. अशा गाडीला योग्य मापाचा वन-पीस शाफ्ट, नवीन सील आणि मोटरच्या जागी झाकणपट्टी लावली तर तो आजार कायमचा जातो. शिवाय पुढची लाइन (डिफरन आणि प्रॉपेलर शाफ्ट) सतत चाकांबरोबर फिरत असल्याने चालत्या गाडीत फोर एच पटकन पडतो. हे काम जाणकार लोक वर्षानुवर्षं करत आलेत आणि ते चुकीचं नाही. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी व्हॅक्यूमऐवजी केबलने फोर्क ओढायची सोयही मिळते. पण फाटलेली नळी बदलूनच बऱ्याच गाड्या बऱ्या होतात, हे तो व्हिडिओ सांगत नाही.

"पैसे वाचवायला दोन तुकडे" हा आरोप मात्र उलटा आहे. दोन शाफ्ट, कॉलर, फोर्क, मोटर, नळ्या यांचा खर्च एका शाफ्टपेक्षा जास्तच. १९९७ च्या रँग्लरमध्ये कंपनीने हा प्रकार काढून सरळ अखंड शाफ्ट दिला आणि २०१८ च्या पिढीत तीच योजना विजेवर चालणारी करून परत आणली. कारण साधं आहे: टू एचमध्ये पुढची लाइन स्थिर राहिली तर बेअरिंग, सील, क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला तुकडा) कमी झिजतात, आवाज कमी होतो आणि थोडं इंधन वाचतं. मायलेजच्या दाव्याचं उत्तरही यातच आलं. फरक मोठा नसतो, पण "फरक नाही" हे चूक. लिफ्ट केलेल्या (उंची वाढवलेल्या) गाडीत पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढलेला असतो. तिथे अखंड शाफ्ट घातल्यावर हायवेच्या वेगाला थरथर सुरू झाली तर नवल नाही.

आणि मुळात हे सगळं आपल्या गाड्यांना कुठे लागू होतं? २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आहे. डिफरन चासीला बांधलेला, चाक विशबोनवर वरखाली होणारं, आणि मध्ये सीव्ही जॉइंटचा (कोनात वाकूनही फिरणाऱ्या सांध्याचा) हाफ शाफ्ट. व्हिडिओतलं ते लांब दांडकं बसवायला इथे नळीच नाही. थारमध्ये जी सोडजोड होते ती विजेवर आणि डिफरनजवळ होते. जिम्नीचा पुढचा ॲक्सल अखंड नळीचा आहे खरा, पण तिथे सोडजोड नळीच्या मध्यात होत नाही, चाकाच्या हबमध्ये होते, तीही व्हॅक्यूमने. म्हणजे मेसेज जो तुकडा बदला म्हणतो तो जिम्नीत नाहीच. लॉकिंग हब असलेल्या जिप्सीला तर खाली उतरून हब हाताने फिरवावे लागतात. एकच व्हिडिओ आणि त्यावर "सर्व फोर बाय फोरसाठी" असं लिहिणाऱ्याने या तिन्हींपैकी एकही गाडी खालून बघितलेली नाही.

आता खरा घातक दावा. "वन-पीस घातला की गाडी फुल-टाइम होते, पावसाळाभर फोर एचवर ठेवा."

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना द्यायची की नाही, हे ॲक्सलमधला शाफ्ट ठरवत नाही. ते ट्रान्सफर केस ठरवते. शाफ्ट अखंड करून लिव्हर टू एचवर ठेवला तर ताकद पूर्वीसारखी फक्त मागेच जाते. पुढची चाकं उलट आपल्या फिरण्याने डिफरन आणि प्रॉपेलर शाफ्ट फुकट फिरवत बसतात. ज्याला खरंच फुल-टाइम म्हणतात त्या गाडीत पुढच्या आणि मागच्या लाइनमध्ये सेंटर डिफरन किंवा क्लच असतो, जो दोघांच्या वेगातला फरक सांभाळतो. थार, जिम्नी, जिप्सी या पार्ट-टाइम गाड्या आहेत. यांच्यात फोर एच म्हणजे पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के जोडलेले. फरक सांभाळायला मध्ये काहीच नाही.

हा फरक किती, ते आकड्यात बघा. थ्री-डोअर थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. माजिवड्याला यू-टर्न घेताना पुढच्या ॲक्सलचा मध्य साडेपाच मीटर त्रिज्येवर फिरला असं धरू. शाळेतला पायथागोरस लावला की मागच्या ॲक्सलच्या मध्याची त्रिज्या ४.९२ मीटर येते. त्या अर्ध्या वर्तुळात पुढचा ॲक्सल १७.३ मीटर चालतो आणि मागचा १५.५. फरक १.८ मीटर, म्हणजे थारच्या १८ इंची टायरचा जवळजवळ पाऊण फेरा. डिफरनच्या रेशोने प्रॉपेलर शाफ्टवर तो दोन फेऱ्यांहून जास्त होतो. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून हा फरक सोडून देतो. डांबरावर आणि काँक्रीटवर टायर सोडत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये किंवा गिअरमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते, लिव्हर टू एचला परत येत नाही, टायर कडेने खाल्ले जातात. त्यानंतर जो भाग सगळ्यात कमजोर असेल तो तुटतो.

हे माझं मत म्हणून घेऊ नका. आपल्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडा. पार्ट-टाइम गाडीच्या मॅन्युअलमध्ये फोर व्हील ड्राइव्हच्या प्रकरणात कोरड्या, कठीण रस्त्यावर फोर एच आणि फोर एल (चारही चाकांचा कमी वेगाचा टप्पा) वापरू नका अशी सूचना असते. थारच्याही आणि जिम्नीच्याही. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी छापून दिलेलं वाक्य ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून आहे, आणि लोक फॉरवर्डवर गाडी चालवतायत.

"पण पावसात रस्ता ओला असतो ना?" हा प्रश्न भाच्यानेही विचारला. पाम बीच रोड ओला झाला म्हणून चिखल होत नाही. ओल्या काँक्रीटवर टायरची पकड कमी होते, पण पीळ साठण्याइतकी ती शिल्लक असते. शिवाय आपल्याकडचा पाऊस सलग नसतो. ऐरोलीला धो धो आणि महापेला रस्ता कोरडा, हे ठाणे-बेलापूर रोडने रोज जाणाऱ्याला माहीत आहे. फोर एच हवा तिथे जरूर टाका: येऊरच्या कच्च्या वाटेवर, शेतातल्या लाल चिखलात, रेतीत. त्यासाठीच तो दिलाय. रस्ता परत धरायला लागला की काढा.

ब्रेक दुप्पट लागतो म्हणणाऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ब्रेक टू एचमध्येही चारही चाकांना असतो. गाडी किती अंतरात थांबेल ते टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरतं, आणि ती पकड लिव्हर ओढून वाढत नाही. फोर एचमध्ये गाडी ओल्या चढावर चाक न घसरता सुटते, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं रस्त्याला पकड आहे. गायमुखच्या घाटात त्याच भरवशावर उतारावर वेग घेतला आणि पुढे खड्डा चुकवायला ट्रकने ब्रेक मारला, तर थांबायचं अंतर शेजारच्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीइतकंच लागणार आहे. त्यात पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडलेली असल्याने वळणावर गाडी सरळ जायला बघते. एका ओळीच्या खोट्यापायी कोणाचा तरी जीव जाईल.

आरटीओ आणि वॉरंटी पटकन संपवतो. आतल्या शाफ्टचा प्रकार आरसीवर लिहिलेलाच नसतो, तेव्हा त्याला "पास" कोणी आणि कशावर केलं? आणि कंपनीची सोडजोड तोडून आत वेल्ड मारलेला ॲक्सल वॉरंटीत दाखवायला गेलात तर सर्व्हिस ॲडव्हायझर काय म्हणेल ते विचारायची गरज नाही.

राहिलं वेल्डिंग. हे शाफ्ट आणि स्प्लाइन उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाचे असतात, म्हणूनच ते पीळ सहन करतात. त्यावर आर्क मारला की वेल्डच्या शेजारची पट्टी कुठे ठिसूळ होते, कुठे नरम पडते. शाफ्ट केसभर वाकला तरी सील घासून गळायला लागतं. वेल्डचे तुटलेले कण ऑइलमध्ये फिरून बेअरिंग खातात. आणि थारसारख्या गाडीत सोडजोड विजेवर आहे, कॉलर जागची हलली नाही तर डॅशवर फोर बाय फोरचा दिवा चुकीचं सांगू शकतो. असा शाफ्ट उभ्या गाडीत तुटत नाही, जोर पडल्यावर तुटतो, आणि तुकडा आत अडकला तर पुढचं चाक जाम होऊ शकतं. सायन-पनवेल हायवेवर ताशी ८० च्या वेगात पुढचं चाक जाम होणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही.

ज्यांनी आधीच करून घेतलंय किंवा ज्यांना जुन्या मालकाने काय केलंय याची शंका आहे, त्यांनी सपाट जागी गाडी उभी करावी. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावे, पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन खाली स्टँड द्यावे आणि लिव्हर टू एचवर ठेवावा. एक चाक हाताने फिरवा. ॲक्सलमधली सोडजोड नीट सुटलेली असेल तर दुसऱ्या बाजूचं पुढचं चाक आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, दोन्ही स्थिर राहतील. दुसरं चाक उलटं फिरलं किंवा प्रॉपेलर शाफ्ट फिरायला लागला, तर कॉलर अडकलीय, वेल्ड आहे किंवा आत वन-पीस शाफ्ट घातलाय. अडकली असेल तर व्हॅक्यूमची नळी, वायर, मोटर या क्रमाने बघा, हे स्वस्तातलं काम आहे. वेल्ड निघाला तर तो ग्राइंडरने कापून तेच पार्ट परत घालू देऊ नका. कॉलर, दोन्ही शाफ्ट आणि त्या बाजूचं सील नवीन घ्या, हाउसिंग धुऊन मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, आणि ते होईपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका.