काळी की निळी?

आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा गेल्या रविवारी पाऊण तास उलटा फिरला आणि तो मी स्वतःच्या हातांनी उलटा केला होता, ही बातमी एव्हाना इमारतीच्या चारही मजल्यांवर पोहोचली आहे. तिच्यातला काळ्या आणि निळ्या तारेचा भाग मात्र कोणीच सांगत नाही, म्हणून मला हे लिहावे लागत आहे.

पंखा महिनाभर कण्हत होता आणि शेवटच्या आठवड्यात तर जळमटे काढायच्या काठीने पाते ढकलल्याशिवाय तो सुरूच होत नसे. हे कपॅसिटर गेल्याचे लक्षण आहे, एवढे मला माहीत होते. घरात येणाऱ्या सिंगल फेज विजेवर अशी मोटर आपणहून सुरू होत नाही. मोटरीतल्या दुसऱ्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह जरा पुढे काढून तिला फिरण्याची दिशा दाखवण्याचे काम कपॅसिटर करतो, आणि तो थकला की पंखा जागच्या जागी गुणगुणत राहतो व कोणी ढकलेल त्या दिशेला मुकाट्याने निघतो. (सरकारी कचेरीत 31 वर्षे काढल्यामुळे हा स्वभाव मला परका वाटला नाही.) इलेक्ट्रिशियनने नुसते येऊन बघण्याचे 300 रुपये सांगितले होते आणि अडीच एमएफडी (मायक्रोफॅरड) क्षमतेचा कपॅसिटर पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत 70 रुपयांना मिळत होता. कोथरूडहून बसने जाऊन मी तो आणला.

स्टूल धरायला तळमजल्यावरचे काका आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मेन स्विच बंद करायला मी जिन्याखाली गेलो तेव्हा ते माझ्यामागून वर आले, एवढेच. काकांनी दोन्ही हातांनी स्टूल धरले, परंतु बोलायचे झाले की त्यांना हात लागतात, आणि त्यांना सतत बोलायचे होते.

"अहो, न्यू जर्सीला मुलाकडे होतो ना, तिथे सगळी कामे आपली आपण करतात," असे म्हणत काकांनी एक हात सोडला. स्टूल डुगडुगले.

"काका, स्टूल."

"धरलंय की! व्याही स्वतः बाथरूमच्या फरश्या बसवतात. एवढे डॉक्टर, पण गुडघ्यावर बसून!" फरश्या कशा बसवतात हे दाखवण्यासाठी दुसरा हातही सुटला. मी छताच्या हुकाला धरून व्याह्यांच्या बाथरूमचे काम पुरे होण्याची वाट पाहत राहिलो.

जुन्या तारा सोडवण्यापूर्वी कोणती कोठे होती, हे मी कागदावर टिपून ठेवले होते. पंख्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते असायला हवे होते. परंतु त्या पुस्तिकेत वॉरंटी कोणकोणत्या कारणांनी रद्द होईल याची आठ पाने आहेत आणि तारांच्या आकृतीला अर्धे पानही नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. पैसे मोजून घरात आणलेली वस्तू आपण उघडू नये, अशीच सगळ्यांची इच्छा दिसते. नव्या रिमोटच्या पंख्यात तर आत सर्किटचा बोर्ड असतो, आणि तो बिघडला की दुरुस्त करीत नाहीत, अख्खा बदलायला सांगतात. असो. कागद खाली काकांकडे होता आणि मी वरून विचारीत होतो.

"फेजबरोबर कोणती?"

काकांनी कागद लांब धरला, जवळ आणला, खिडकीकडे नेला (म्हणजे स्टूल पुन्हा निराधार) आणि निःशंकपणे सांगितले, "काळी."

मी काळी जोडली. पंखा सुरू झाला, असा वेगात की महिन्याभराचे त्याचे कण्हणे मी विसरलो. काकांनी टाळी वाजवली. दोन मिनिटांनी लक्षात आले की कॅलेंडर हलत नाही, घाम वाळत नाही आणि पंख्यावरची धूळ तेवढी छतावर उडते आहे.

"उलटा फिरतोय," मी म्हणालो.

"फिरू द्या! अमेरिकेत त्यासाठी मुद्दाम बटण असतं. थंडीत वरची गरम हवा खाली येते."

"काका, आज मे महिन्याची अकरा तारीख आहे."

"मग थंडीपर्यंत असाच ठेवा," असे काका म्हणाले आणि हा चमत्कार दाखवायला शेजाऱ्यांना बोलावून घेऊन आले. त्यातल्या एका बाईंनी, पंख्याखाली उभे राहिले की आणखीच उकडते, असा अभिप्राय दिला. तेवढ्यात मी कागद पाहिला. त्यावर स्वच्छ अक्षरात 'निळी' लिहिलेले होते. काकांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ही माहिती त्यांनी मला त्यानंतर दिली. त्याआधी व्याह्यांच्या फरशीचा रंगसुद्धा सांगून झाला होता.

पुन्हा त्या स्टुलावर चढायची माझी छाती झाली नाही. इलेक्ट्रिशियन आला, त्याने एक तार काढून शेजारी लावली, तीनशे रुपये घेतले आणि विचारले, "हे कोणी केलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "मी सांगत होतो यांना, निळी म्हणून."

मला सर्वांत झोंबले ते निराळेच. इलेक्ट्रिशियन वर होता तितका वेळ काकांनी स्टूल दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवले होते आणि न्यू जर्सीचे नावही काढले नव्हते.